पाठीला डबा, समोर अंदमान

६ एप्रिल, सकाळी ६.१०
अंदमानचं बुकिंग झालं. लग्नाला बावीस वर्षं झाली म्हणून यशोधराला स्कूबा डायव्हिंग करायचंय. मी लगेच हो म्हणालो. म्हणणं भागच होतं, कारण साखरपुड्यातच तिला सांगून बसलोय की कॉलेजात असताना मी पवना धरण पोहून पार केलं. केलं नव्हतं. करू शकलो असतो, फक्त पोहायला यायला हवं होतं. हाताशी चार आठवडे आहेत. भरपूर.

११ एप्रिल
कार्ल्याजवळ गेणूआबांची विहीर. अख्ख्या गावाला पोहायला त्यांनीच शिकवलंय. घरी सांगितलं, उर्स्याच्या टोलनाक्यावर जादा ड्यूटी आहे. सुपरवायझर असण्याचा हा एक फायदा. आबांनी माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला. म्हणाले, सुहासभाऊ, भ्यायचं न्हाई, डबा बुडू देत न्हाई. अर्धा तास पायरीवर बसून पाण्याचा अभ्यास केला.

१७ एप्रिल
उतरलो. तरंगलो! डबा ही थोर गोष्ट आहे. आबा म्हणाले, आता डबा सोडून बगा. म्हटलं, घाई नको. त्यांची सात वर्षांची नात छकुली डब्याशिवाय उड्या मारत होती. तिला रागावलो. अंगावर पाणी उडतं.

२३ एप्रिल, रात्री ९
यूट्यूबवर स्कूबाचे व्हिडिओ पाहिले. पाठीला केवढा डबा देतात! आबांच्या दुप्पट. चिंता मिटली. विहीर बंद. यशोधराला धीर दिला, घाबरू नकोस, मी आहे. ती म्हणाली, बरं.

४ मे, पोर्ट ब्लेअर
सेल्युलर जेल. एका कोठडीत जाऊन उभा राहिलो. इथे माणसांनी काय काय सोसलं, आणि मला बायकोशी साधं खरं बोलवत नाही. लाज वाटली. ठरवलं, तिला सगळं सांगायचं. आजच.
रात्री ती फार खुशीत होती. उद्या.

५ मे
रॉस बेट. इंग्रजांचे बंगले, चर्च, बेकरी, सगळं झाडांच्या मुळांनी गिळलंय. चहूबाजूंना समुद्र असूनही त्यांनी पोहायला वेगळा हौद बांधला होता. शहाणे लोक. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात हरीण आलं.

६ मे, हॅवलॉक, सकाळी ७
फॉर्म भरला. पोहता येतं का? ती शेजारीच होती. 'हो'वर टिक केली. तिने 'नाही'वर. तिची जरा कीव आली.

६ मे, दुपारी २
डबा तरंगवत नाही! त्यात श्वासासाठी हवा असते. वर कमरेला शिशाची वजनं बांधतात, खाली जायला. हे आधी कुणी तरी सांगायला नको? इन्स्ट्रक्टर संदेश कोकणातला. म्हणाला, सर, पोहता न येणाऱ्यांनाही मी धरून नेतो, तुम्हाला तर येतंच. कमरेएवढ्या पाण्यात तोंड बुडवलं. पुढचं नीट आठवत नाही. मी त्याच्या गळ्याला मिठी मारून आबा, आबा ओरडत होतो, असं तो म्हणतो.
यशोधरा मंगळसूत्र माझ्या हातात देऊन गेली खाली. पंचवीस मिनिटं. एवढी भीती मला विहिरीतही वाटली नव्हती.

६ मे, संध्याकाळी
बाहेर आली ती हसत होती आणि रडतही होती. तिला पोपटमासा दिसला म्हणे, हातभर अंतरावर. मग मी सगळं सांगून टाकलं. धरण, विहीर, जादा ड्यूटी. ती म्हणाली, धरणाचं मला लग्नाच्या वर्षीच कळलं, तुमच्या कॉलेजातल्या विकासनेच सांगितलं. तुम्ही कधी सांगताय याची वाट बघत होते.
मला भरून आलं. विचारलं, म्हणजे माझ्याकडून खरं वदवून घ्यायलाच हा स्कूबाचा घाट घातलास ना?
ती म्हणाली, नाही हो, मला मासे बघायचे होते.
उद्या ती पुन्हा उतरणार आहे. संदेशने मला किनाऱ्यावर थांबायला सांगितलंय.