समुद्राला न मिळणारी नदी

मार्गशीर्ष शु. १, शके १८१४, रविवार. कल्याण.
पोटात पुन्हा जळजळ. ओवा चावला, गुण नाही. चि. विठू साहेबाला घेऊन पहाटेच दिवा गावाकडच्या दलदलीत गेला. बदकांची शिकार. साहेब नवा आहे, लांब मिशांचा. वल्ह्याने नाही, बांबूने ढकलत होडी नेणारा माणूस त्याला हवा होता. धक्क्यावर कोणीतरी विठूचे नाव सांगितले. कोणी सांगितले ते कळले पाहिजे.

दिवेलागण झाली तरी पत्ता नाही. ओहोटीत त्या चिखलात रुतलेली होडी माणसाच्याने हलत नाही. मी धक्क्यावर मुकादम होतो तेव्हा रुतलेल्या होड्या पाहिल्या आहेत, आणि नंतर त्यातली माणसेही.

आला. मांडीपर्यंत चिखल, आणि हसतो आहे. "साहेब खूश झाला, आबा."

शु. ३, मंगळवार.
साहेबाला असा माणूस का हवा होता ते आज कळले. साहेब आफ्रिकेत जाणार आहे, शिकारीला. तिकडे म्हणे मोठी दलदल आहे, लव्हाळे माणसाच्या डोक्याहून उंच. आगबोटीने जायचे, मग बैलगाड्यांनी आठवडेच्या आठवडे, मग होडी. होडीसाठी विठू हवा.

विठू जेवताना सांगत होता. पाण्यात राहणारी हरणे आहेत, साहेबाने चित्र काढून दाखवले. हत्ती पोहतात. मी म्हटले, "तुला इथे काय कमी आहे?" तो म्हणाला, "इथे मी रेती आणि गवत वाहतो, आबा. आजोबाही तेच वाहत होते."
विठूची आई भात वाढता वाढता थांबली. सून दाराआडून ऐकत होती.

शु. ४, बुधवार.
हसनमियांकडे गेलो. हा आफ्रिकेच्या बंदरांना जाऊन आलेला जुना खलाशी, आता घरीच असतो. धीर देईल असे वाटले होते.

म्हणाला, "मुकादम, तिथे पाणघोडा असतो. खालून येतो आणि होडी उलटी करतो."
"घोडा?"
"घोडा कसला! तुमच्या ओट्याएवढं जनावर. तोंड उघडलं की आत तुम्ही मांडी घालून बसाल." आणि स्वतःच हसला. हा माणूस पहिल्यापासून असाच.

मग गंभीर झाला. तिथल्या लोकांकडून त्याने ऐकले आहे, आत मुलखात एक मोठी नदी आहे, ती समुद्राला मिळतच नाही. दलदलीत पसरते आणि वाळूत जिरून जाते.
घरी येईपर्यंत तेच डोक्यात. आपल्याकडे चुकलेला माणूस पाण्याच्या ओढीने गेला तर खाडीला लागतो, खाडीने समुद्राला. तिथे पाणीच कुठे पोचत नाही. मग माणसाने परत यायचे कुठून?

शु. ६, शुक्रवार.
चंपाषष्ठी. वांग्याचे भरीत, रोडगे. विठू पोटभर जेवला.
त्याने आज सरळ सांगितले. "तुमच्या शब्दाशिवाय जाणार नाही. पण थांबलो तर मनातून थांबणार नाही, हे आधीच सांगतो."
ही धमकी की आज्ञाधारकपणा?

शु. ७, शनिवार.
गावदेवीला कौल लावला. घरात कोणाला सांगितले नाही. धोंडू गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी विचारले, "विठूला अडवू का?"
बराच वेळ काही नाही. मग उजवी पडली.
हलके वाटले. येताना वाटेत विठूच्या आईसाठी बोरे घेतली.

शु. ८, रविवार.
कसले हलके आणि कसले काय.
विठूला देवीचा कौल सांगितला. तेवढ्यात दाराआडून सून बोलली, माझ्यासमोर प्रथमच इतके. "मामंजी, रागावू नका. मी परवाच कौल लावला होता. यांना जाऊ देऊ का, विचारलं. उजवाच आला."
विठूची आई म्हणाली, "घ्या. देवीला पण दोघांचं मन मोडवेना."
मी सुनेला विचारले, तुला तो जावासा वाटतो? ती म्हणाली, "नाही वाटत. पण गेलेच तर देवीला विचारून गेलेले बरे."

तसाच गुरवाकडे गेलो. सुनेचे का सांगितले नाहीस म्हणून भांडलो. तो थंडपणे म्हणाला, "एकाचा कौल दुसऱ्याला सांगत नसतो, मुकादम. तुम्ही घरात एकमेकांना विचारलं असतंत तर देवीकडे दोनदा यावं लागलं नसतं." पुन्हा लावायला सांगितले. नाही म्हणाला. एका गोष्टीसाठी देवीला तिसऱ्यांदा विचारायचे नाही.
समई देवीच्या उजव्या हाताला असते. त्या उबेने तीच कळी आधी सुटत असेल का? असे मनात येऊ नये. आले.

शु. ११, बुधवार.
साहेबाचा पट्टेवाला निरोप घेऊन आला. परवा होडी धक्क्याला लागेल, ठाण्याला जायचे, तिथून मुंबई. विठू नसेल तर दुसरा माणूस तयार आहे.
शेजारचा म्हणतो, समुद्र ओलांडला तर जातवाले काय म्हणतील? मला जातवाल्यांची काळजी नाही. मला त्या पाणघोड्याची आहे. आणि पोरगा थांबून ओट्यावर बसला, माझ्याकडे बघेनासा झाला, तर त्याचीही आहे.

शु. १३, शुक्रवार.
होडी आली आहे. पट्टेवाला धक्क्यावर विडी ओढत बसला आहे, पाणी चढू लागले की निघणार. विठूने घोंगडी वळून ठेवली आहे, पण दाराबाहेर नेलेली नाही.
सकाळी समोर येऊन उभा राहिला. "आबा, काय?"
मी म्हटले, "आधी जेव."
जेवायला बसला आहे. एरवी चार घासांत उठतो, आज सावकाश जेवतो आहे. सून वाढते आहे. मी पडवीत बसून हे लिहितो आहे. ताकभात झाला की हात धुवायला तो इकडेच येईल, तेव्हा हो की नाही ते सांगावे लागेल.
आत्ताच ताक मागितले.