तहहयात

रविवार, १९ जानेवारी १९९७

सकाळी यशवंतपूरला उतरलो तेव्हा थंडीनं दात वाजत होते, पण मजा वाटली. बी.कॉम. झाल्यापासून सांगलीत बाबांच्या डोळ्यांसमोर नुसता कॅरम खेळत होतो. आता बंगलोरला घर-जागेच्या धंद्यात पडायला आलोय. स्टेशनवर वेणुगोपाल आला होता. हा इथला दलाल, मित्राच्या मेव्हण्याच्या ओळखीचा. माझी ट्रंक त्यानं स्कूटरवर पायांत घेतली आणि अख्खा रस्ताभर हिंदीत मला धंदा शिकवला. गेल्या साली भाव कोसळले, सगळे घाबरून बसलेत, म्हणून घेणाऱ्याची हीच वेळ. प्लॉटला इथे ‘साइट’ म्हणायचं. चहा मागायचा नाही, काफी मागायची.

दुपारी बेळ्ळंदूरला नेलं. मोठं तळं, नाचणीची शेतं आणि मधेच पांढरे रंगवलेले दगड. प्रत्येक चार दगडांत एक साइट. मला लगेच एक हवी झाली. वेणुगोपाल हसला. म्हणाला, नवख्या माणसानं मोकळ्या जमिनीत अडकू नये, तुमच्यासाठी माझ्याकडे वेगळीच चीज आहे.

शुक्रवार, २४ जानेवारी

चीज पाहिली. शिवाजीनगरच्या बाजारामागे, बसस्टँडचा गोंगाट पोचत नाही अशा गल्लीत एक कौलारू दुमजली घर. लाल गुळगुळीत फरशी, अंगणात बटरफ्रूटचं झाड. जागा अशी की बिल्डर नुसता बघूनच खूश होईल. किंमत मात्र निम्मी, कारण एक अट आहे. मालकीणबाई तहहयात तिथेच राहणार. त्या गेल्या की ताबा आपला.

अंगणातून बाहेर पडल्यावर वेणुगोपालनं आवाज खाली आणला. बाईंचं हृदय कमजोर आहे, मागेपुढे कुणी नाही, डॉक्टरांनी हात टेकलेत. गणपतीपर्यंत घर मोकळं.

वासंतीअक्का इथल्याच जुन्या मराठी घराण्यातल्या. वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. ओठ निळसर, बोलताना धाप. तरी मला पाहून हसल्या. ‘सांगलीचा का रे तू, तम्मा? ऊट झालं का? जेवून जा की.’ ‘तम्मा’ म्हणजे इथे धाकटा भाऊ. मला मनातून ओशाळल्यासारखं झालं. मग मी छताची उंची बघू लागलो.

सोमवार, १० फेब्रुवारी

खरेदीखत झालं. बाबांचा फंड यात गेला. त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. फोनवर एवढंच म्हणाले, ‘म्हातारीला त्रास होईल असं वागू नकोस, मल्हार.’

अक्कांनीच आग्रह केला, लॉजवर कशाला राहतोस, वरची खोली मोकळीच आहे. ट्रंक घेऊन आलो. खिडकीतून अंगण दिसतं. संध्याकाळी अक्कांनी खालून हाक मारून काफी दिली. कप देताना हात इतका थरथरत होता की अर्धी बशीत सांडली. रात्री मी अंथरुणात पडून पाच मजली इमारत बांधली, तळमजल्याला दुकानं काढली.

गुरुवार, १३ मार्च

बरं चाललंय. वेणुगोपालबरोबर साइट बघत हिंडतो, सातबाऱ्यासारखे इथले कागद वाचायला शिकतोय. थोडा खोकला धरलाय. हवा मानवत नसेल.

एक गोष्ट लिहून ठेवतो. सकाळी जाग आली की मी आधी कान देतो. खाली भांड्यांचा आवाज होतोय का? रोज होतो. आणि रोज मला किंचित निराशा वाटते. हे बाबांना कळलं तर?

अक्कांची धाप कमी झाली आहे.

मंगळवार, ८ एप्रिल

न्हाव्यानं मानेवरून केस झटकले आणि विचारलं, रंग लावू का. मला वाटलं चेष्टा करतोय. आरशात पाहिलं. कानांच्या वर दोन्ही बाजूंना पांढरे झालेत. वय वर्षं बावीस.

घरी आलो तेव्हा अक्का अंगण झाडत होत्या. काठी भिंतीला टेकवलेली. मला बघून म्हणाल्या, ‘या वर्षी उन्हाळा बाधला नाही बघ. अंगात कसं हलकं हलकं वाटतंय.’ ओठ निळे नव्हते.

जिना चढताना मला मधे थांबावं लागलं.

रविवार, ४ मे

शेजारच्या घरातली रम्या शाळेत शिकवते. आज फाटकाशी तिनं मला थांबवलं. आधी नुसतंच चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तोडक्या हिंदीत म्हणाली, ती दहावीत होती तेव्हा वरच्या खोलीत रघुजी नावाचा तरुण राहायला आला होता. त्यानंही हे घर असंच विकत घेतलं होतं. अक्का तेव्हाही आजच्याएवढ्याच म्हाताऱ्या होत्या, तेव्हाही डॉक्टरांनी हात टेकले होते.

रघुजीचं काय झालं, मी विचारलं.

तो गेला. अंत्ययात्रेला जमलेल्या लोकांना वाटलं, अक्कांचा थोरला भाऊ वारला. नंतर त्याच्या घरचे आले, कागद अक्कांच्या हातात परत दिले आणि घर नको म्हणून निघून गेले.

‘तुम्ही जा,’ रम्या म्हणाली. ‘आजच जा.’

शुक्रवार, ९ मे

गेलो नाही. बाबांचा फंड आहे यात. वेणुगोपालला म्हटलं, विकून टाक. तो म्हणाला, बाई आत असताना कोण घेणार? स्वल्प थांबा, सर. इतके थांबलात.

माझ्याशी बोलताना तो आता ‘सर’ म्हणतो, आणि रस्ता ओलांडताना माझा दंड धरतो.

शनिवार, १४ जून

आठवडाभर यशवंतपूरला लॉजवर राहून पाहिलं. घरात नाही म्हणजे बरं वाटेल, असा हिशेब. पण तिथेही डोळा उघडला की तोच विचार. आज निरोप येईल. आज येईल. खालचा फोन वाजला की धावत जायचो. धावत कसला, कठडा धरून.

काल सकाळी चूळ भरली आणि दात हातात आला.

परत आलो. दार अक्कांनी उघडलं. केसांत मोगरा. मी नसताना स्वतः बाजारात जाऊन भाजी आणली म्हणाल्या.

बुधवार, ९ जुलै

डॉक्टरला काही सापडत नाही. त्यानं आधी मला वय विचारलं, मग पुन्हा विचारलं.

बोटं वाकडी झालीत. अक्षर असं येतंय.

आता मला कळलंय. ज्या दिवशी मी वाट बघतो त्या दिवशी माझं जातं आणि त्यांना मिळतं. मग बघू नये. सोपं आहे. देवासमोर बसून म्हणालो, अक्कांना शंभर वर्षं आयुष्य दे. म्हणताना मनाच्या तळाशी कुणीतरी इमारतीचे मजले मोजत होतं.

सोमवार, २१ जुलै

अक्का न्हाणीघरात पडल्या. धप्प आवाज. मी कसाबसा खाली उतरलो. डोळे पांढरे, श्वास नाही. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, अक्का, अक्का म्हणून रडलो. खरंच रडलो. आणि त्याच वेळी आत काहीतरी आनंदानं उडालं. एकदाच. थांबवता नाही आलं.

त्यांनी डोळे उघडले. ताज्या, तरतरीत डोळ्यांनी मला पाहिलं.

‘आनंद झाला ना रे, तम्मा?’ म्हणाल्या. ‘रघुजीलाही झाला होता. मी कुणाचं घेत नाही बघ. तुम्हीच देता.’

त्या उठल्या. मला उठवेना. त्यांनीच मला उचलून वर आणलं.

ऑगस्ट. तारीख—

रम्याला पत्र लिहायला सांगितलं होतं. बाबांना. मुलगा आजारी आहे, या.

जिना उतरता येत नाही. अक्का पेज आणतात. भरवतात. पायऱ्या दोन-दोन चढतात—

आणखी एक दिवस

बाबा आले. अंगणात उभे आहेत, हातात पिशवी. किती थकलेत. पलंगाला लागूनच्या खिडकीतून हाक मारली. आवाज नाही, नुसती घरघर.

त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडेच पाहिलं.

हात जोडले. वडीलधाऱ्याला करतात तसा नमस्कार—

अक्कांना विचारतायत, हे आजोबा कोण? अक्का म्हणतात, जुने भाडेकरू. मल्हार ना, बरा झाला की, बेळ्ळंदूरला साइट बघायला गेलाय. बसा. काफी घ्या.

मी पलंगावरून हललोही नाही. जमत नाही. रम्याच्या घराला कुलूप—

अक्का सांगतायत, राहा इथेच लेकाजवळ. वरची खोली मोठी आहे. हे आजोबा तेवढे— आज ना उद्या—

बाबांनी पिशवी खाली ठेवली. मग हळूच, संकोचून: ‘डॉक्टर काय म्हणतात? किती दिवस?’

पुन्हा वर बघतायत. खोलीकडे. खिडकीच्या रुंदीकडे. असंच मी छताकडे—

घरघर थांबली.

श्वास मोकळा होतोय. बोट सरळ झालं. अक्षर बघा, सरळ येतंय. मी उठून बसलोय, स्वतःचा स्वतः—

खाली बाबा खोकले.

नाही. बाबा, नका. उभा राहतोय, जिना उतरतो, आवाज येतोय आता— बाबा, वर बघू नका, वाट बघू नका, आजोबा नाही तो, मी—