चौथ्या मजल्यावरचा अर्ज

पनवेल, मंगळवार संध्याकाळ

लिफ्ट तिसऱ्या दिवशीही बंद. माझ्या गुडघ्यांवर इतका अन्याय परक्या सत्तेनेही केला नसता. जिन्यात चौथ्या मजल्यावरचे बिस्वासकाका दम खात बसलेले. बांगलादेशच्या युद्धानंतर निर्वासितांच्या छावणीतून सरकारने त्यांना मजुरीला निवडलं होतं.

"साहेबाने दंड दाबून पाहिला. मी पास, धाकटा भाऊ निताई नापास. त्याला दुसऱ्या छावणीत नेलं. कुठे, ते विचारणारा अर्ज लिहिणार होतात ना, लेखकमहाशय?"

सरकारची टिंगल रोज लिहितो. हा अर्ज मात्र दोन वर्षं उद्यावर.

चढताना त्यांचा दंड धरला. काडी झालाय. आज पास झाले असते का?

आत्ताच अर्ज लिहिला. निताईचं नाव, गाव विचारावं लागलं नाही, पाठ आहे. सहीपुरती जागा सोडून त्यांच्या दाराखालून सरकवला.