मोटर रुळेपर्यंत

मी, धक्क्यावरून पलीकडच्या काठाला माणसं पोचवणारी होडीवाली, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवते. फार वेळ नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे, त्यामुळे मीही आडवळणं घेत नाही.

१. राहत्या दोन खोल्या मुलाला. तो शहरात नोकरी करतो आणि फोनवर "आई, ती होडी विकून मोकळी हो" एवढंच म्हणतो. खोल्या त्याने खुशाल विकाव्यात. होडीबद्दल तोंड उघडू नये.

२. मोठा कुकर जाऊबाईंना. तो तसाही त्यांच्याकडेच आहे. दोन दिवसांसाठी म्हणून नेला होता. मग कलम चारमधला प्रकार घडला आणि मी मागायला गेले नाही.

३. होडी, वल्ही, दोर आणि नुकतीच घेतलेली मोटर मुलीला. मोटर अजून रुळलेली नाही. पहिले दहा तास तिला पूर्ण रेस द्यायची नसते. आधी सावकाश गरम होऊ द्यायची, मग वेग कमी-जास्त करत चालवायची, एकाच वेगावर धरून ठेवायची नाही, पेट्रोलमध्ये ऑइल जरा जास्त घालायचं. यातलं निम्मं मी करून घेतलं. आता मला धक्क्याच्या पायऱ्या उतरवत नाहीत. मुलीचा हात चांगला आहे, पण धीर नाही. रोज विचारते, "आई, आता तरी देऊ का पूर्ण? लोक हसतात गं, वल्ह्याची होडी आपल्या पुढे जाते." ती होडी सोडते आणि परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

४. कारण मागची मोटर नवी होती तेव्हा माझ्या धाकट्या दिरांनी धक्क्यावरच्या लोकांना ऐट दाखवायला पहिल्याच दिवशी ती पूर्ण पिळली. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पिस्टन धरला, मोटर जागीच बंद पडली आणि होडी प्रवाहाला लागली. माझे यजमान दोराचं टोक घेऊन पोहत काठाला गेले. दोर त्यांनी पाण्यावर झुकलेल्या झाडाला अडकवला, पण स्वतःला काठ धरता आला नाही. होडी वाचली, दीर वाचले. तेव्हापासून मी दिरांशी एक शब्द बोललेले नाही. माफ केलेलं नाही, आणि केलं असं माझ्यामागे कोणी सांगत फिरू नये.

५. तरीही मोटर रुळेपर्यंत दिरांनी मुलीशेजारी होडीत बसावं. मी यावर पुष्कळ डोकं खाजवलं. इथे मोटर चालवणारे ढीगभर आहेत, पण सगळे कधी ना कधी "दे गं थोडी, काय होतंय" म्हणणारे. हा एकच माणूस तिला तसं म्हणणार नाही. पूर्ण रेस कधी द्यायची ते दीर सांगतील, तोवर मुलीने मुकाट ऐकावं. दिरांना याबद्दल काही मिळणार नाही. ते या कागदाला साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणाले, ते बरंच झालं.

सह्यांआधी एवढं जोडते. वकिलांनी हे वाचून दाखवलं तेव्हा दीर उंबऱ्यातच उभे होते, मान खाली घालून. पेन हातात घेतल्यावर म्हणाले, "वहिनी, मोटरच्या मागून पाण्याची धार नीट पडते ना? तापत नाही ना?"

मी म्हटलं, "उद्या सकाळी तुम्हीच बघा."

स्थळ: धक्क्याजवळची माझी पुढची खोली
दिनांक: १४ मार्च

लिहून ठेवणार: होडीवाली (सही)
साक्षीदार पहिला: समोरचे औषधवाले (सही)
साक्षीदार दुसरा: धाकटे दीर (सही)