दोष पिकअपचा

रविवार, ८ नोव्हेंबर १९६४. सकाळी.
दिवाळी झाली. चिवड्याच्या डब्यात फक्त मिरच्या उरल्या. आता आयुष्याकडे लक्ष देणे.
निदान पक्कं झालं. दोष पिकअपचा आहे.
इलेक्ट्रिक हवाईयन गिटार घरी येऊन आठ महिने झाले. नागपूरच्या एका रेल्वे गार्डसाहेबाने ऑस्ट्रेलियाला जाताना विकली. मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या, डाव्या हातात स्टीलची कांडी, ती तारांवरून फिरवायची. आठ महिने मी हे सगळं बरोबर करतोय आणि ऐकू चूक येतंय. विशेषतः यमनच्या धुनेतला तीव्र मध्यम. तो पिकअप खातो.
पिकअप म्हणजे तारांखालची काळी डबी. आत लोहचुंबक, त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. सिंगल कॉइल. तारेचा कंप ती उचलते आणि पुढे रेडिओत पाठवते. (आपण रेडिओच्या मागच्या ग्रामोफोनच्या भोकात जोडतो.) आमची डबी कंपाबरोबर एक सततची घूंऽऽ पण पाठवते.
कुंदा म्हणाली, कांडी अर्धं बोट पुढे न्या, मध्यम सापडेल. माहेरी दोन वर्षं गाणं शिकली म्हणून इलेक्ट्रिसिटी कळते असं नाही. बोललो नाही. संसारात संयम हवा.

रविवार, १५ नोव्हेंबर.
ऐतिहासिक दिवस. अकोल्याहून भगवंतरावांचं पत्र. त्यांची कापसाची जिनिंग फॅक्टरी आहे, पण खरा जीव 'रंगतरंग' ऑर्केस्ट्रात. त्यांचा गिटारवाला भिलाईला नोकरीला गेला. २६ जानेवारीच्या कार्यक्रमात मी एक धून वाजवायची, पसंत पडली तर कायमची जागा.
म्हणजे वकिली सुटली! सनद घेऊन चार वर्षं झाली, पण माझा पिंड तो नाही हे बार रूममध्ये सगळ्यांनाच मान्य आहे.
बापूसाहेबांना सांगितलं. वडील या नात्याने त्यांनी ऐकून घेतलं, वकील या नात्याने उत्तर दिलं नाही. फक्त म्हणाले, "ते भोकातून काढ. बातम्या लागायच्या आहेत."
संकल्प: (१) रोज दोन तास रियाज. (२) नवा पिकअप. (३) आधी २, मग १. खराब पिकअपवर रियाज केला तर हाताला खोड लागते.

रविवार, २२ नोव्हेंबर.
जवाहर रोड पालथा घातला. पिकअप म्हटल्यावर पहिल्या दुकानाने ग्रामोफोनच्या सुया दाखवल्या. दुसरा म्हणाला, पिकअप गाडी बडनेऱ्याला भाड्याने मिळेल. अमरावती कलेला तयार नाही.
शेवटी नत्थुजीकडे. रेडिओ दुरुस्त करतो आणि शेतकऱ्यांच्या पंपाच्या मोटरी भरतो, म्हणजे जळकी तार काढून नवे वेढे घालतो. त्याने डबी उघडली, विडी विझवली (हे बरं केलं) आणि म्हणाला, "साहेब, तार आतून तुटून राहिली. नवी कायले घेता? मी भरून देतो ना हीच. वेढे तर वेढेच असतात."
मोटर आणि संगीत यातला फरक या माणसाला कोण सांगणार? हसून निघालो. कलकत्त्याच्या एका कंपनीचं कॅटलॉग आहे. त्यात पिकअपखाली 'मधुर' असं छापलंय. ऑर्डर टाकली.

गुरुवार, १० डिसेंबर.
पार्सल आलं. क्रोमचं झाकण, नवरदेवासारखा चकचकीत. स्क्रूची भोकं आपल्या गिटारीच्या भोकांशी जुळत नाहीत. तात्पुरता दोऱ्याने बांधला.
चाचणीची शास्त्रीय पद्धत शोधली. वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज खरा ऐकू येत नाही. म्हणून वाजवायचं कुंदाने, मी अंगणात विहिरीजवळ उभं राहून ऐकायचं. कोणती तार, कांडी कुठे, सगळं कागदावर लिहून दिलं. ती म्हणाली, पोळ्या राहिल्यात. म्हटलं, प्रश्न भवितव्याचा आहे.
निकाल: आवाज सर्दी झाल्यासारखा. शिवाय मधूनच गिटारीतून माणूस बोलला, कापसाचे भाव. नागपूर केंद्र आत घुसतंय. बापूसाहेब पडवीतून म्हणाले, "आज पहिल्यांदा काही उपयोगाचं वाजलं."
तरी कुंदाला रोज पाऊण तास चाचणीला बसवायचं ठरलं. कलकत्त्याच्या डबीला थोडं 'उघडू' द्यावं लागतं असं वाटतं.

गुरुवार, १७ डिसेंबर.
मूर्तिजापूर. तिथल्या एका निवृत्त स्टेशनमास्तरांकडे जर्मन पिकअप आहे अशी पक्की खबर होती. पहाटेच निघालो. खबर खरी. पिकअप जर्मन. ग्रामोफोनचा. मास्तरांनी आग्रहाने तीन रेकॉर्डी ऐकवल्या.
परत येतो तर दारात सूर्यभान पाटील. त्याच्या धुऱ्याच्या (म्हणजे शेताच्या बांधाच्या) दाव्याची तारीख आज होती. माझ्या डायरीत उद्याची आहे. म्हणजे डायरीत चूक.
सूर्यभान म्हणाला, "वकीलसाहेब, मी कोर्टात उभा, थो शेजारी उभा, त्याचा वकील उभा. तुमी कुठी होते?" खरं सांगितलं तर त्याला कळलं नसतं. प्रकृतीचं सांगितलं. त्याने आपुलकीने विचारलं, काय झालं? मला पटकन आठवेना. बापूसाहेबांनी मधे पडून पुढची तारीख मागून घेतली होती. ते माझ्याशी बोलले नाहीत. हा एक प्रकारचा मोकळा वेळच आहे.

शुक्रवार, २५ डिसेंबर.
रियाज नाही. पिकअप नाही तर रियाज कसला.
चाचणी मात्र नियमित. आज अंगणात उभा असताना चमत्कार. कलकत्त्याच्या डबीतून यमनची ओळ जवळजवळ पुरी आली, मध्यमासकट! डबी उघडतेय.
लगेच आत जाऊन स्वतः वाजवली. पुन्हा मिटली. बेभरवशाचा माल. परत पाठवणार.

रविवार, ३ जानेवारी १९६५.
तेवीस दिवस उरले. मुत्सद्दीपणाचा निर्णय: स्थानिक कारागिराला संधी द्यायची. जुनी डबी घेऊन नत्थुजीकडे गेलो. त्याने मागचं मनाला लावून घेतलं नव्हतं, "या साहेब" म्हणाला. पंपाच्या मोटरीची तार फार जाड, म्हणून त्याने एका मोडक्या टेलिफोनच्या इयरफोनमधली बारीक तार सोडवून ठेवली होती. मी येणार हे त्याला ठाऊक होतं म्हणे. मलाच ठाऊक नव्हतं.
तार हाताने सरळ बसत नाही. शिवणयंत्राची बॉबिन भरतात तशी भरावी लागेल. मशीन कुंदाचं. तिने एका शब्दात हो म्हटलं. कलेचं वातावरण घरात झिरपतंय. श्रेय कुणाचं ते लिहीत नाही.

शनिवार, ९ जानेवारी.
आमच्या माजघरात नत्थुजी आणि कुंदा. तो तार धरून, ती मशीनचं चाक फिरवत. वेढे मोजायचं काम माझ्याकडे. आठशेपर्यंत अचूक. मग सूर्यभान आला, बोलण्यात विसरलो. नत्थुजी म्हणाला, "राहू द्या साहेब, वहिनी मनात मोजून राहिल्या." चार तासांत तार दोनदा तुटली. दोन्ही वेळा मी फक्त वाकून पाहत होतो.
संध्याकाळी डबी मेणात बुडवून ठेवली. नत्थुजीने जाताना विचारलं, अकोल्यावाल्यांना डबी आवडली तर त्यांच्याही भरायला मिळतील का? मोटरींचा धंदा उन्हाळ्यापुरता, म्हणाला. मोठ्या मनाने म्हटलं, माझ्या वादनानंतर रांग लागेल.

रविवार, १० जानेवारी.
डबी बसवली. घूं जवळजवळ गेली. कांडी तारांना टेकली की तीही थांबते.
पद्धतीप्रमाणे मी विहिरीजवळ, कुंदा गिटारीवर, नत्थुजी रेडिओशी. आणि काय सांगू! धून सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मध्यम असा आला की पाणी भरायचं सोडून शेजारच्या जमुनाबाई कुंपणाशी आल्या. मी तिथूनच ओरडलो, हाच तो पिकअप!
आत गेलो तर नत्थुजी डोळे पुसत होता. विडीचा धूर असावा.

मंगळवार, १९ जानेवारी.
आज घरी हळदीकुंकू होतं, म्हणून मी मुद्दाम कोर्टात गेलो. परत येताना जमुनाबाई वाटेत भेटल्या. "बाई बाई, काय गिटार वाजली तुमच्याकडे!" म्हणाल्या. सकाळी मी जेमतेम दहा मिनिटं बसलो होतो. तरी पोचलं. पिकअपची ताकद.
एक बारीक तक्रार. आवाज फार स्वच्छ आहे. पूर्वी घूंमध्ये जे मिसळून जायचं ते आता वेगळं ऐकू येतं. मी वाजवताना विशेष. नत्थुजीला सांगितलं, स्वच्छता किंचित कमी कर. त्याने स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवून दिला.

शनिवार, २३ जानेवारी.
संकल्प क्र. १ आजपासून. दोन तास.
वीस मिनिटांनी अंगठ्याला फोड. प्रत्यक्ष कार्यक्रमात स्फूर्ती असतेच. बोटं राखून ठेवलेली बरी.

बुधवार, २७ जानेवारी. दुपारी.
काल अकोला. जसं झालं तसं लिहितो.
हॉल भरलेला. पहिल्या रांगेत भगवंतराव, दुसरीत कुंदा, मागे दारापाशी नत्थुजी. लग्नातला कोट घालून, आपल्या खर्चाने आला होता. रेडिओ नव्हे, ऑर्केस्ट्राचा मोठा ॲम्प्लिफायर. त्यात माझी धून शिरली आणि दोन हजारपट होऊन बाहेर आली. पहिली ओळ गेली. दुसरीत मध्यम आला नाही. परत गेलो, परत आला नाही. कुणीतरी खोकलं. कुणीतरी हसलं. हातातली कांडी घामाने निसटली आणि तारांवर पडली, तो आवाज तेवढा सगळ्या हॉलला नीट कळला.
मी माइकवर सांगितलं, रसिकहो, क्षमा असावी, पिकअप बिघडला आहे. हातात दुसरं काय होतं?
मागून नत्थुजी सरळ चालत स्टेजवर आला. कुणाकडे बघितलं नाही. स्क्रूड्रायव्हरने डबीवर टकटक केलं. स्पीकरमधून टकटक. प्रत्येक तार छेडली. सहाही बोलल्या. मग तो माझ्याकडे वळला. माइक चालूच होता.
"साहेब, तुमी मले काही बी बोला. पण डबी बिघडली असं चार लोकांत कावून म्हणता? कोण भरून घेईल मग माह्याकून?"
मी माइकचं बटण शोधू लागलो. 
तो दुसऱ्या रांगेकडे बघून म्हणाला, "वहिनी, या बा तुमी. तुमाले ठाव हाय थे कशी वाजते."
कुंदा उठली नाही. माझ्याकडे बघत होती. दीड महिना मी तिला कांडी कुठे ठेवायची ते सांगितलं, उचल असं कधी म्हटलं नव्हतं. मी खुर्चीवरून उठलो आणि बाजूला उभा राहिलो. एवढंच केलं.
ती आली. पदर खोचला. कांडी पुसून घेतली. आणि धून वाजवली.
मी पडद्याशी होतो. मध्यम आला तेव्हा माझा हात आपोआप वर गेला आणि तसाच राहिला. शेवटचा सूर विरला, मागे घूंसुद्धा नाही, आणि मग टाळ्या. नत्थुजी टाळ्या वाजवत नव्हता. कोटाची बटणं लावत होता, पुन्हा सोडत होता, पुन्हा लावत होता.
परतीच्या गाडीत कुंदा म्हणाली, तुम्ही रागावलात? म्हटलं, छे. खिडकीकडे बघत म्हटलं, पण म्हटलं.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी.
सूर्यभानच्या दाव्याची तारीख. अकराला हजर होतो. न्यायाधीशसाहेबांनी मला ओळखलं नाही, बापूसाहेबांनी ओळख करून दिली. दावा संपला नाही, पण चार वाक्यं बोललो, त्यातली दोन कायद्याला धरून होती.
घरी आलो तर भगवंतरावांचं पत्र. पाकिटावर 'सौ. कुंदाताई'. दर रविवारी तालीम, कायमची जागा. नत्थुजीला तीन डब्या भरायला सांगितल्यात. खाली माझ्यासाठी एक ओळ: कमलाकांतांनीही अवश्य यावे, ॲम्प्लिफायर जड आहे.
कुंदाने विचारलं, जाल ना माझ्याबरोबर? विचार करून सांगतो म्हटलं.
रविवारची दोन तिकिटं काढून आणली.