उसाच्या वाटेवरचे पाढे

गुरुजी, परवा शनिवारी पोरांना प्रवरेकाठी न्यायचं आहे आणि मला भीती वाटते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगायला दुसरं कोणी सुचलं नाही. सावेडीतली माझी घरची माणसं लगेच म्हणतील, मग जातेस कशाला? मुलांना सुगरणीचं घरटं दाखवायला, झाडं हात लावून ओळखायला शिकवायला शाळा मला बोलावतात, हे त्यांना अजून कामच वाटत नाही. या नादाला तुम्ही लावलंत, तेव्हा ऐकूनही तुम्हीच घ्या.

कोल्हारच्या शाळेत तुम्ही आमचा चौथीचा वर्ग दर शनिवारी नदीवर न्यायचात. त्यातला एक शनिवार अजून डोळ्यांपुढे आहे. दोन्हीकडे ऊस, मधल्या वाटेनं आमची रांग चालली आहे. ओल्या मातीत बिबट्याच्या पावलाचा ठसा दिसतो आणि आम्हाला कोण आनंद होतो! तुम्ही वाकता, ठशाची कड बोटानं चाचपता आणि झटकन उभे राहता. "चला, मागं फिरा. म्होरच्याचा सदरा धरा आन् पाढे म्हना, मोठ्यानं. कुनी गप ऱ्हायचं न्हाई." माणसांचा गलका ऐकला की तो बाजूला होतो, हे तुम्ही शाळेत पोचल्यावर सांगितलंत. वाटेत तुम्ही सगळ्यांच्या मागे होतात आणि तेराच्या पाढ्यात चुकलात. आम्ही पोट धरून हसलो. तुमच्यासारखा कडक माणूस पाढा चुकतो, याचीच मजा. तुम्ही घाबरला होतात, हे कळायला मला स्वतः पोरं घेऊन हिंडावं लागलं.

आता तर बिबटे उसातच जन्मतात. ऊसतोड सुरू झाली की मादी पिल्लं घेऊन शेजारच्या फडात जाते. मागच्या शनिवारी तसाच ताजा ठसा दिसला. मी रांग वळवली, पाढे सुरू केले आणि शेवटच्या मुलीचा हात धरून चालू लागले. ती म्हणाली, "म्याडम, तुमचा हात लई गार पडलाय."

"नदीत बुडवला होता," मी म्हणाले. नदी अजून आलीच नव्हती, आणि पोरगी काही खुळी नव्हती.

आज तिचे वडील शाळेत आले. गेल्या महिन्यात त्यांची कालवड बिबट्यानं गोठ्यातून ओढून नेली. "पोरगी घरी बसंना," ते म्हणाले. "तुमी न्हेनार आसाल तर धाडतो. तुमी सांगाल तसं." मी सांगितलं, उसाची वाट सोडली आहे, तोड झालेल्या मोकळ्या रानातून जाऊ, ऊन चांगलं वर आल्यावर निघू, पुढे दोन शिक्षक असतील, मागे मी. नेणं बंद केलं तर या पोरांना शिवाराची नुसती भीतीच माहीत होईल, हेही बोलले. सगळं मनापासून बोलले. "मंग काय काळजी न्हाई," म्हणून ते निघून गेले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. मी बोलत होते तेवढा वेळ त्यांच्या नकाराची वाट बघत होते. ते नको म्हणाले असते, तर मी त्यांच्याशी भांडले असते, आणि घरी येऊन शांत झोपले असते.