स्लीपरची बेडकी

९ जुलै, मंगळवार

तरंगली! टाक्यात सोडली अन् बुडाली नाही. पोट खाली, पाठ वर, खरी बेडकी बसते तशी. कोंबडीनं येऊन एक चोच मारून पाहिली, तेव्हा तर मले हसू आवरेना.

आधीच्या लाकडाच्या साऱ्या आडव्या झाल्या होत्या. सावरीचं लाकूड हलकं, पण गरी (मासोळीचा गळ) बांधली की एका अंगानं कलते. मग डोक्यात आलं — नाल्यात स्लीपर सुटली की कशी मजेत वाहत जाते! यायची एक जुनी स्लीपर कापली. (यायची म्हणजे घरधन्याची. नाव लिहाले अजून हात होत नाही.) टाचेच्या तुकड्यातून बेडकी कोरली. डोळ्याले सानगडीच्या बाजारातले काळे मणी, पाठीले उर्वशीचं हिरवं नेलपॉलिश, मागचे पाय म्हणून जुन्या पदराचे गोंडे. गरीची टोकं पाठीत दाबून बसवली — गवतात अडकत नाही, अन् मासोळीनं चावलं की बरोबर उघडी पडते.

उर्वशी माही नातीन. लाखनीले कॉलेजात आहे. तिले गरीचा शौक, मोबाईलवरून मागवलेली काडी अन् चरखी घेऊन हिंडते. तिचं प्लास्टिकचं बेडूक कुठंतरी झाडाले अडकून गेलं, तेव्हा मी म्हटलं, मी करून देते. ती हसली. मी नाही हसली.

या वयात बाईनं वाती वळाव्या म्हणतात. वळल्या ना, डबे भरले. वात जळते अन् संपते. ही तर चालते!

११ जुलै, गुरुवार

हे स्लीपर शोधून राहिले. म्हटलं, कुत्र्यानं नेली असन. बिचाऱ्या कुत्र्याले शिव्या बसल्या. त्याले भात जास्त टाकला.

१४ जुलै, रविवार

उर्वशी आली. दुपारी सारे धानाच्या रोवण्यासाठी बांधीत, वावरात, गेले होते. माह्या गुडघ्यानं मले रोवणं सुटलं आहे. आम्ही दोघी तलावावर गेलो. फक्त बेडकी चालते कशी ते पाहाचं, असं मी म्हटलं. तिनं मान हलवली.

आमच्या तलावाचं असं आहे — पाणी कास्तकारायचं, मासोळी ढिवरायची. आमच्या सासवांच्या आधीपासून तसंच चालते. आम्ही त्यायच्या मासोळीले हात लावत नाही, ते आमच्या धानाच्या पाण्याले. अन् पावसाळ्यात तर ढिवरही जाळं टाकत नाहीत, पार पोळ्यापर्यंत. पिल्लायचे दिवस असतात.

उर्वशीनं फेकली. बेडकी टुपटुप करत पाण्यावरून आली, मागं गोंडे पाय झाडल्यासारखे. किती गोड चालली! पण मासोळी काही उठेना. उर्वशी म्हणे, "आजी, दिसाले चांगली आहे, पण कोणी घेत नाही. चाल घरी." मले ते लागलं. कमळाच्या पानाजवळ पाणी लालसर थरथरून राहिलं होतं, परातीएवढं. मरळीची पिल्लं. त्यायच्या खाली राखणीले माय असते, हे गावातल्या शेंबड्या पोरालेही माहीत. मी बोट दाखवलं. म्हटलं, तिथं टाक, त्या लाल पाण्यावर.

टाकली, अन् पाणी फुटलं.

हातभर मरळ, काळीकुट्ट. मी तलावाच्या पाळीवर, बांधावर, उभी राहून टाळ्या वाजवल्या. घरी मीच रस्सा केला, लसूण वाटून, चिंच टाकून. यायनं दोनदा भात घेतला. कुठून आणली विचारलं तर उर्वशीनं सांगितलं, गोसीखुर्द धरणाची. डोकं मी खाल्लं.

१५ जुलै, सोमवार

सुशीलाबाई आली सकाळीच. ती ढिवरायची, मी कास्तकाराची, पण दोघी एकाच उन्हाळ्यात नवऱ्या होऊन या गावात आलो, तेव्हापासूनची सोबत. ओट्यावर बसली ते पाय न पसरता.

"रुखमा, कोणीतरी पिल्लांवरची मरळ नेली वं."

म्हटलं, "कशावरून?"

"पिल्लं सैरभैर आहेत. घडीभर इकडं, घडीभर तिकडं. बगळे तर पंगतीले बसल्यासारखे उभे आहेत." मग म्हणे, "या दिवसात ती भुकेनं नाही गिळत गरी. पिल्लायजवळ काही आलं का रागानं तोंड टाकते. हाकलाले. ज्याले हे माहीत, त्यानंच केलं."

मी चहा टाकला. मोरीत रस्स्याची गंजी तशीच पडून होती. तिच्यावर परात उपडी घातली. वास आला असन का तिले? मासोळीचा वास तिले नाही येणार तर कोणाले.

मणी बसवताना मी किती खूश होती, डोळे खरे दिसतात म्हणून. मरळीले खरेच दिसले.

१६ जुलै, मंगळवार

उर्वशीले फोन केला. म्हणे, "आजी, चूप राह्य. एका मासोळीचं काय येवढं." मी चूप राहिली.

१८ जुलै, गुरुवार

प्रफुल्लवर आलं.

प्रफुल्ल सुशीलाबाईचा पुतण्या. तो रविवारी पाळीवरून येताना कोणाले तरी दिसला होता. ढिवरायच्या सोसायटीची बैठक झाली. त्याचा डोंगा ओढून बाहेर काढून ठेवला. पोळ्यानंतर जाळं पडन, तेव्हा त्याले उतरू द्यायचं नाही असं ठरलं. त्यानं मायची शपथ घेतली तर कोणीतरी म्हणे, "मायचीच शपथ घे, दुसऱ्या मायले तर तूनं खाल्लं." हे मले आमच्या सुनेनं हसत हसत सांगितलं, भाजी निवडताना. मी मेथी म्हणून काड्याच टोपलीत टाकल्या.

सायंकाळी पाळीवर गेली. पिल्लायचा गोळा आता ताटलीएवढा. बगळ्याले दगड मारला, तो पाण्यात पडला अन् पिल्लंच उधळली. मले कायची अक्कल.

अन् हे लिहिलंच पाहिजे — घरी आली अन् हातात पुन्हा स्लीपरचा तुकडा. दुसरी बेडकी अर्धी झाली तेव्हा ध्यानात आलं. हात चालले का जिवाले बरं वाटते. ते बरं वाटलं याचंही मग वाईट वाटते. तुकडा चुलीत टाकला. रबराचा घाण वास घरभर. सून म्हणे, "काय जळून राहिलं?"

१९ जुलै, शुक्रवार

गेली मी सुशीलाबाईकडं. बेडकी पदरात बांधून.

ती जाळं दुरुस्त करून राहिली होती. मी सांगितलं. सुरुवातीले इकडचं तिकडचं सांगितलं, गुडघ्याचं, रोवण्याचं, मग एकदम सांगून टाकलं. बेडकी तिच्यापुढं ठेवली. उर्वशीनं फेकली हेही सांगितलं, पण बोट माहं होतं असं म्हटलं. खरंच आहे ते. पोरगी तर परत निघाली होती.

तिनं बेडकी उचलून पाहिली. उलटी, सुलटी.

"खाल्ली का?"

"हो."

"डोकं कोणी खाल्लं?"

"मी."

"गोड होतं?"

म्हटलं, "हो."

मग ती म्हणे, "तुह्या घरात खाले नसतं तर मीच आणून दिली असती वं. तूनं शौकापायी नेली." तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मले सोपं गेलं असतं. "मी काल प्रफुल्लले ताट नाही वाढलं. माह्या हातानं ताट मागं घेतलं, रुखमा."

बेडकी तिनं मले परत दिली. "उद्या साऱ्यायसमोर सांग. घरात बसून मले सांगून काय होते."

घरी येऊन यायले सांगितलं. आधी स्लीपरचं सांगितलं, मग बाकीचं. हे म्हणे, "रस्सा तर मीही खाल्ला. मी येतो संग."

२० जुलै, शनिवार

मारुतीच्या पारावर सांगितलं. आधी सारे हसले. "म्हातारी गरी टाकते!" एक जण म्हणे, पोराले वाचवाले सुशीलाबाईनंच हिले पाठवलं. मग मी बेडकी काढून दाखवली, गरी कुठं लपते ते दाबून दाखवलं. हसणं थांबलं. त्यायचे हात मासोळीचे, त्यायले लगेच समजलं.

प्रफुल्लचा डोंगा तेव्हाच पाण्यात सोडला. तो माह्याकडं न पाहता गेला. पाहिलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे.

यायनं दंड विचारला. सोसायटीवाले एकमेकांकडं पाहून राहिले, कास्तकाराच्या म्हातारीले काय दंड करावा. सुशीलाबाई मागून म्हणे, "दंड नको. पिल्लं राखाले बसवा तिले. जिची राखण होती तिले खाल्लं ना."

२४ जुलै, बुधवार

सकाळ-सायंकाळ पाळीवर बसते. छत्री, पाण्याची बाटली, बगळे हाकलाले काठीले बांधलेली फाटकी पिशवी. रोवणेवाल्या बाया जाता-येता म्हणतात, "काय आजी, आज किती पोरं हजर?" म्हणू दे. लाज वाटते पण बसून बसून सवय झाली तिची.

पिल्लं कमीच होऊन राहिली. बगळा दिसतो, पाण्यातलं काय खाते ते कुठं दिसते. तळ तर गढूळ. सुशीलाबाई रोज तिथूनच जाते, माह्याशी बोलत नाही. तिच्या पायातलं कडं वाजते ते ऐकू येते, मी मान वर करत नाही.

उर्वशी रविवारी आली तर तिनं काडी आणलीच नाही. माह्याजवळ बसून राहिली होती. तिले काय म्हणू, दाखवणारं बोट तर माहं.

हातात काहीच नाही, म्हणून दिवस लांब. बेडकीले यायनं छपरात खोचून ठेवलं आहे. मागितली नाही.

२८ जुलै, रविवार

अंगठ्याले चावली. पाय धुवाले पायरीवर उतरली, पिल्लं जवळच होती, खालून काळं काहीतरी आलं अन् कचकन चावून गेलं. रक्त आलं. पुन्हा पाय घातला, पुन्हा धावून आलं. माह्या तोंडून कशी हाक निघाली मले माहीत नाही. सुशीलाबाई पाळीवरून धावत आली. आधी माहा पाय पाहिला, मग पाण्याकडं पाहत राहिली, अन् तिथंच ओल्या पायरीवर माह्याजवळ बसली.

म्हणे, "बाप आहे वं. इतले दिवस खालीच होता."